हिवाळ्यातील आइसलँड : एक प्रवास-पाठ

दूरच्या देशाची राजधानी, लोकसंख्या व पिके यांची यादी फळ्यावर लिहून दिली की भूगोलाचा पाठ झाला, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. अशी यादी परीक्षेपर्यंत टिकते. पुढे टिकत नाही. मूल ज्या दगडावर बसते व ज्या नदीकाठी वाढते, तेथूनच प्रवासास आरंभ केला तर अतिदूरचा देशही त्यास परका वाटत नाही. जयसिंगपूर व शिरोळ तालुक्यातील शाळा डोळ्यांपुढे ठेवून योजिलेला आइसलँडवरील पाठ पुढे दिला आहे. तो वरच्या इयत्तांत दोन तासिकांत घेता येईल.

साहित्य : पृथ्वीगोल (नसल्यास मोसंबे), विजेरी, जगाचा नकाशा व शाळेच्या आवारातील एक काळा दगड.

प्रस्तावना

शिक्षकांनी काळा दगड मुलांच्या हाती द्यावा व विचारावे, “हा कोठून आला?” “खाणीतून”, “डोंगरातून” अशी उत्तरे येतील. मग सांगावे की, सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस बाहेर पडला, थरावर थर साचले व त्यांतून दख्खनचे पठार घडले. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर याच काळ्या पाषाणाचे आहे. उसाच्या मळ्यातील काळी माती हीही याच दगडाची झीज होऊन बनलेली. त्यानंतर विचारावे, “असा दगड आजही तयार होताना कोठे पाहावयास मिळेल?” येथे हेतुकथन करावे : “आज आपण तो देश पाहण्यास हिवाळ्यात जाऊ.”

विषयविवेचन

१. दिवस व रात्र. नकाशावर जयसिंगपूर सुमारे १७ उत्तर अक्षांशावर व आइसलँडची राजधानी रेक्याविक ६४ उत्तर अक्षांशावर दाखवावी. वर्ग अंधारा करून, कललेल्या पृथ्वीगोलावर विजेरीचा झोत टाकावा. डिसेंबरमध्ये उत्तर ध्रुव सूर्यापासून दूर कललेला असतो, म्हणून तिकडे प्रकाश थोडा वेळच पोहोचतो, हे मुले स्वतः पाहतील. डिसेंबरच्या अखेरीस जयसिंगपुरात सायंकाळी पाच वाजता शाळा सुटते, तेव्हा रेक्याविकमध्ये सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात व सूर्य नुकताच उगवलेला असतो. चार तासांत तो मावळतो. इतके असूनही जानेवारीचे तेथील सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपासच राहते. कारण दक्षिणेकडून येणारा उष्ण सागरी प्रवाह त्या बेटास ऊब देतो.

२. भूमी. आइसलँडचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एकतृतीयांश आहे. भूकवचाचे दोन मोठे तुकडे या बेटाखाली एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दूर सरकतात. तापत्या दुधावरील साय फाटते व खालचे दूध वर येते, हा दाखला मुलांस सहज पटेल. १९६३ च्या नोव्हेंबरात तेथील समुद्रातून ज्वालामुखी वर आला आणि सुर्त्से नावाचे नवे बेट जन्मले.

३. उष्णतेचा उपयोग. रेक्याविक या नावाचा अर्थच ‘धुराची खाडी’ असा आहे. पण तो धूर नव्हे, उष्ण झऱ्यांची वाफ होय. भूगर्भातील हे ऊन पाणी नळांनी घरोघर नेले आहे. देशातील दहांपैकी नऊ घरे त्यानेच उबदार राहतात. राजापूर वा उन्हवरे येथील उन्हाळी पाहिलेली मुले या ठिकाणी तुलना करतील. तेव्हा हेही स्पष्ट करावे की, कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. तेथे पाणी भेगांतून खोल जाऊन तापते व पुन्हा वर येते.

४. दोन संकटे. सालबाईच्या तहानंतरच्या वर्षी, १७८३ मध्ये, आइसलँडमधील लाकी येथे जमीन दुभंगली व आठ महिने उद्रेक चालला. माणसे मेली ती मुख्यतः लाव्हाने नव्हेत. विषारी वायू गवतावर उतरला, ते खाऊन निम्मी गुरे व बहुसंख्य मेंढ्या गेल्या, मागून दुष्काळ आला आणि देशातील सुमारे पंचमांश लोक मृत्युमुखी पडले.

दुसरा प्रसंग २०२३ च्या नोव्हेंबरातील. ग्रिंडाविक या मासेमारीच्या गावाजवळ भूकंपाचे असंख्य धक्के बसू लागले. भूमीवर अहोरात्र लक्ष ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांनी ओळखले की, शिलारस गावाखाली सरकत आहे. १० नोव्हेंबरच्या रात्री सुमारे ३,८०० रहिवाशांना गाव सोडण्यास सांगण्यात आले. काही तासांत गाव रिकामे झाले आणि त्या रात्री एकही जीव गेला नाही. पुढे जानेवारी २०२४ मध्ये लाव्हा गावात शिरला व काही घरे जळाली. परंतु त्या घरांत कोणी नव्हते.

उपयोजन

येथे पाठ स्वगृही परत यावा. शिरोळ तालुक्यात ज्वालामुखी नाही. पण कृष्णा व पंचगंगा आहेत. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांचे महापूर मुलांच्या घरी आजही बोलले जातात. “ग्रिंडाविकच्या लोकांनी रात्रीच घर का सोडले? ‘उजाडल्यावर पाहू’ असे ते का म्हणाले नाहीत?” हा प्रश्न विचारावा व मुलांस विचार करण्यास अवधी द्यावा. नंतर फळ्यावर लिहावे : राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आइसलँडमध्ये जे काम भूकंपमापक करतो, तेच येथे हे आकडे करतात. लाकीचा धडाही विसरू नये : संकटाचा मोठा घाव पुष्कळदा मागाहून बसतो. पूर ओसरल्यावर स्वच्छ पाणी व जनावरांचा चारा यांची तजवीज नसेल, तर हानी थांबत नाही.

गृहपाठ

(१) पुराचे पाणी आपल्या घरी वा गल्लीत कोठवर आले होते, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहा. (२) इशारा मिळताच घरातील वृद्धांना कोण नेईल, गुरे कोण सोडील व सर्वजण कोठे जमतील, हे घरच्यांशी बोलून ठरवा व वहीत लिहा.

शिक्षकांनी या वह्या काळजीपूर्वक वाचाव्यात. ज्या घरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसेल, तेथे पावसाळ्यापूर्वी पालकांची भेट अवश्य घ्यावी. आइसलँडचा पाठ त्या भेटीने पुरा होईल.