वाचकांचे प्रश्न : गणपतीची वर्गणी आणि 80जीची पावती

प्रश्न : बेंगळुरूत आमचे छोटे नोंदणीकृत मराठी मंडळ आहे. गणेशोत्सवाला एक आयटी कंपनी देणगी देते म्हणते, पण तिला 80जीची पावती हवी. ती देता येईल का? अमेरिकेत स्थायिक झालेल्या जुन्या सभासदांची वर्गणी चालेल का?

उत्तर : कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, 1960 खालची नोंदणी म्हणजे 80जीची मान्यता नव्हे. ती आयकर खात्याकडून वेगळी घ्यावी लागते, आणि मेख तिथेच आहे. मान्यताप्राप्त संस्थेला वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंतच धार्मिक खर्च करता येतो. मूर्ती, गुरुजींची दक्षिणा, विसर्जनाची मिरवणूक या खात्यात जातात. बालनाट्य, व्याख्याने, मराठीचे वर्ग त्याबाहेर. वर्षभरात फक्त गणपतीच बसवणाऱ्या मंडळाला ही मर्यादा पाळणे जवळपास अशक्य. वर्षभर उपक्रम चालवणाऱ्यांनी धार्मिक आणि इतर खर्चाची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत.

मुळात कंपनीला ही पावती हवी कशाला? 22 टक्के सवलतीचा कर निवडलेल्या कंपनीला 80जीची वजावट मिळतच नाही. तिला मांडवात फलक लावून आपला धंदा वाढवायचा असेल, तर ती जाहिरात झाली. तो खर्च कंपनी नफ्यातून वजा करू शकते. मंडळाने मात्र ही रक्कम देणगीत न मिसळता व्यावसायिक उत्पन्न म्हणून दाखवावी आणि जीएसटीचे सीएला विचारावे. केवळ कृतज्ञतेपोटी लावलेल्या नावाच्या पाटीवर जीएसटी नाही, असे 2019 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

पैसे उभे करायला तिकिटाचाही मार्ग आहे. चामराजपेठेतली श्रीरामसेवा मंडळी 1939 पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरवते आणि तिथल्या मैफलींना तिकीट असते. संगीत-नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. मराठी मंडळांना तिकीट लावण्याचा संकोच का वाटतो, कोण जाणे!

अमेरिकेच्या वर्गणीत पासपोर्ट पाहावा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी सभासदाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे चालतात. अमेरिकन नागरिकत्व घेतलेला सभासद, ओसीआय कार्ड असले तरी, कायद्याने परदेशी स्रोत ठरतो. एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते नसेल, तर त्याचे 100 डॉलरही घेऊ नयेत.

मांडववाल्याचे एक बिल 30,000 रुपयांवर गेले, तर नोंदणीकृत संस्थेला टीडीएस कापावाच लागतो. आणि मान्यतापत्र हाती येईपर्यंत पावतीपुस्तकावर '80जी' छापू नये.