खोली रिकामी करण्याची नोटीस आणि आपली बचत

उरल्याच्या कारखान्यांमुळे बीरगांवात भाड्याच्या खोल्यांना कायम मागणी असते. आमच्या खातेदारांत भाडे भरणारे आहेत, तसे दोन खोल्यांच्या भाड्यावर घरखर्च भागवणारेही आहेत. पुढील माहिती दोघांसाठी आहे.

1961 च्या जुन्या कायद्यात घरमालकाला दिवाणी न्यायालयात दावा लावून कायद्यात दिलेले एखादे कारण सिद्ध करावे लागे. छत्तीसगढ भाडे नियंत्रण अधिनियम, 2011 ने ही वाट बदलली. आता अर्ज भाडे नियंत्रकाकडे आणि अपील न्यायाधिकरणाकडे जाते. त्यापुढे थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची तरतूद होती. ती घटनापीठाने डिसेंबर 2019 मध्ये रद्द केली. त्यामुळे पुढची दाद बिलासपूरच्या उच्च न्यायालयात मागता येते. दिल्लीपेक्षा ते बरेच स्वस्त!

भाडेकरूने लक्षात ठेवावी अशी तरतूद वेगळीच आहे. सहा महिन्यांची लेखी नोटीस देऊन, कोणतेही कारण न सांगता, मालक जागा परत मागू शकतो. अट अशी, की पुढचे किमान 12 महिने ती जागा जास्त भाड्याने देता येणार नाही. म्हणजे भाडे वेळेवर भरणाऱ्यालाही नोटीस येऊ शकते. मात्र नोटीस म्हणजे आदेश नव्हे. आदेश भाडे नियंत्रक देतो. नोटीस मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.

समजा, नवीन खोलीचे डिपॉझिट, पहिले भाडे आणि सामान हलवणे मिळून 15,000 रुपये लागतील. नोटीस आल्यावर सुरुवात केली तर महिन्याला 2,500 बाजूला काढावे लागतात. आजच 1,000 रुपयांची आरडी उघडली तर सव्वा वर्षात तेवढी रक्कम जमते, वर व्याज मिळते ते वेगळेच.

वारंवार भाडे थकवणे हेही जागा सोडायला लावण्याचे एक कारण आहे. म्हणून भाडे रोख न देता खात्यातून द्या. रोखच द्यावे लागले तर सहीची पावती घ्या. पासबुकातली नोंद भाडेकरूच्या कामी येते, तशीच मालकाच्याही. या कायद्यात भाडेकरार लेखीच हवा. तोंडी बोलीवर खोली देऊ-घेऊ नका.

हा कायदा सुरुवातीला फक्त जिल्हा मुख्यालयांच्या नगरपालिका क्षेत्रांना लागू झाला. इतर क्षेत्रे अधिसूचनेने जोडायची होती. बीरगांवची महापालिका रायपूरपेक्षा वेगळी आहे. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी आपली जागा कोणत्या क्षेत्रात येते, हे भाडे नियंत्रकाच्या कार्यालयात विचारून घ्या. नागपूरच्या नातेवाइकांचा अकरा महिन्यांच्या कराराचा सल्ला महाराष्ट्रातल्या पद्धतीवर बेतलेला असतो, तो इथे जसाच्या तसा चालत नाही.