‘लेंड’ कोणी केले, ‘बॉरो’ कोणी केले?

‘उधार’ हा शब्द आपल्या बाजारात दोन्हीकडून चालतो. दुकानदार उधार देतो, गिऱ्हाईक उधार घेते. उर्दूतही तसेच आहे. इंग्रजीत मात्र देणाऱ्याचे क्रियापद ‘लेंड’ आणि घेणाऱ्याचे ‘बॉरो’. हा फरक न कळल्यामुळे आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. कापडाच्या धंद्यात नवे असताना बिडकीनहून परगावच्या एका व्यापाऱ्याकडे आम्ही बारा साड्या जांगड पाठवल्या. सोबतच्या इंग्रजी चिठ्ठीत लिहिले, ‘वुई हॅव बॉरोड ट्वेल्व्ह सारीज’. मनात होते ‘आम्ही दिल्या’, कागदावर झाले ‘आम्ही घेतल्या’. तिकडच्या मुनीमाने बारा साड्या आमच्याच नावे टाकल्या. हिशेबाच्या वेळी आम्ही त्यांच्याकडे साड्या मागतो, तर ते आमच्याकडे! चिठ्ठीवर सही आमची. पार्सलची पावती सापडली म्हणून निभावले.

तेव्हा पहिला प्रश्न दिशेचा. वस्तू आपल्या हातून गेली तर ‘लेंड’ आणि पुढे ‘टू’ : आम्ही त्यांना गज दिला. वस्तू आपल्या हाती आली तर ‘बॉरो’ आणि पुढे ‘फ्रॉम’ : आम्ही त्यांच्याकडून गज आणला. भाडे ठरले असेल तर ही दोन्ही क्रियापदे सोडून ‘हायर’ किंवा ‘रेंट’ लिहावे. जुन्या इंग्रजीत ‘बॉरो’चे मूळ तारण, जामीन या अर्थाच्या शब्दात आहे. तारण ठेवतो तो घेणारा, हे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

दुसरा प्रश्न, तीच वस्तू परत यायची की तिच्यासारखी दुसरी? आपल्याकडे शेजारणीकडून वाटीभर साखर ‘उसनी’ आणतात, तिच्याऐवजी दुसरी साखर देतात. शिडी मात्र ‘वापरायला’ आणतात, तीच परत करतात. उर्दू किताबांत पहिल्याला कर्ज व दुसऱ्याला आरियत म्हणतात. इंग्रजीत दोन्हींना ‘बॉरो’च. फरक परत करताना दिसतो. तीच वस्तू दिली तर ‘रिटर्न’, बोलण्यात ‘गिव्ह बॅक’. पैसे फेडले तर ‘रिपे’ किंवा ‘पे बॅक’. हरवलेल्या वस्तूऐवजी दुसरी दिली तर ‘रिप्लेस’. अजून फेडायचे बाकी असेल तर ‘ओ’.

जांगडीचा मामला याहून वेगळा. तेथे माल उसना नसतो. पसंत पडला तर विकत, नाही तर परत. त्याला इंग्रजीत ‘ऑन अप्रूव्हल’ किंवा ‘सेल ऑर रिटर्न’ म्हणतात. माल विक्री कायदा, 1930 च्या कलम 24 प्रमाणे, नापसंतीची खबर न देता ठरलेल्या मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला तर तो घेणाऱ्याचा झाला. मुदत ठरली नसेल तर वाजवी मुदत धरतात. मग वाजवी म्हणजे किती, यावर भांडण. जीएसटीतही असा माल पाठवल्यापासून सहा महिन्यांत परत आला नाही, तर बिल बनवावे लागते. म्हणून जांगडीच्या चलनावर ‘लेंड’ही नको, ‘बॉरो’ही नको. ‘सेल ऑर रिटर्न’ लिहून नग, दर आणि परतीची तारीख टाकावी.

आपले बिडकीन आता पैठण रस्त्यावरचे नुसते बाजाराचे गाव राहिलेले नाही. 2024 मध्ये येथील औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण झाले. मोठ्या कंपन्यांशी पत्रव्यवहार इंग्रजीतून करावा लागेल. इंग्रजी कच्चे असण्यात लाज नाही. क्रियापदाची खात्री नसेल तर पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि परतीची तारीख साध्या शब्दांत लिहावी. तेवढ्यावरही हिशेब सरळ राहतो.

सरावासाठी : शेजारच्या दुकानातून आपण तराजू आणला, दुसऱ्या दिवशी पोहोचवला. दोन वाक्ये, दोन क्रियापदे. मुलांकडून लिहून घ्या, आणि आपणही लिहून पाहा.