किनाऱ्याचा नकाशा आणि भरतीची रेषा

समुद्र कोठे संपतो व जमीन कोठे सुरू होते, हा प्रश्न किनाऱ्यावरील गावांच्या दृष्टीने केवळ भूगोलाचा नाही. 18 जानेवारी 2019 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार ग्रामीण भागातील 'ना विकास क्षेत्र' उच्चतम भरतीरेषेपासून मोजले जाते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक असेल, तर समुद्राच्या बाजूस हे अंतर मंजूर आराखड्यानुसार 50 मीटर असते. एरवी ते 200 मीटर असते. साहजिकच, रेषा थोडी सरकली तरी एखाद्याचे घर या क्षेत्रात येते किंवा त्यातून सुटते. म्हणून ही रेषा संगणकावरील नकाशात कशी उतरते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

भौगोलिक माहिती प्रणालीत विहीर बिंदूने, रस्ता रेषेने आणि शेत क्षेत्राने दर्शविले जाते. समुद्राच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. पाण्याचे तापमान वा क्षारता नोंदविताना स्थानाबरोबर खोली व वेळही नोंदवावी लागते. त्यांवाचून आकडा निरर्थक ठरतो. किनाराही स्थिर नसतो. भरती-ओहोटी नित्याचीच, शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि पावसाळ्यात पुळण खचते. यास्तव प्रत्येक किनारारेषेबरोबर तिची पातळी, मोजणीचा दिनांक व नकाशाचे प्रमाण यांची नोंद असणे आवश्यक आहे.

प्रमाणाचे महत्त्व एका उदाहरणावरून ध्यानात येईल. भारताच्या किनाऱ्याची लांबी पूर्वी 7,516.6 किलोमीटर मानली जात असे. अधिक सूक्ष्म प्रमाणावर मोजणी झाल्यानंतर ती 11,098.81 किलोमीटर भरली. किनारा वाढला नाही. पूर्वी वगळली गेलेली खाड्यांची वळणे मोजणीत आली.

मूळ पातळीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून, तर नाविक नकाशातील खोली जवळजवळ नीचतम ओहोटीच्या पातळीपासून मोजतात. मुंबईत या दोहोंत सुमारे अडीच मीटरांचे अंतर आहे. दोन्ही नकाशे एका पातळीवर न आणता जोडले, तर मोठी चूक संभवते. शंभरास एक उतार असलेल्या किनाऱ्यावर पातळीत अर्ध्या मीटरची चूक झाली, तरी रेषा 50 मीटर सरकते, म्हणजे दाट वस्तीच्या गावातील संपूर्ण ना विकास क्षेत्राएवढी!

किनारा व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा पंचायत सदस्यांनी सर्व्हे नंबर दर्शविणारा 1:4000 प्रमाणाचा नकाशा आवर्जून पाहावा. भरतीरेषा कोणत्या वर्षीच्या माहितीवरून आखली आहे, हे विचारावे. कोळीवाडा, होड्या लावण्याची व मासळी वाळवण्याची जागा नकाशात दाखविली आहे की नाही, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन ताडून पाहावे. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांकडून उधाणाच्या पाण्याच्या खुणा दिनांकासह नोंदवून घ्याव्यात. अशा नोंदी गावाजवळ असतील, तर नकाशातील चूक वेळीच पुराव्यानिशी दाखवून देता येईल.