क्षयासारखा, पण क्षय नव्हे

आपल्या परभणी जिल्ह्यात महिनाभर खोकला, अंगात कसर, घटलेले वजन आणि क्ष-किरण चित्रात छातीतल्या गाठी दिसल्या की आधी क्षयाचेच नाव निघते. ते स्वाभाविकही आहे. परंतु सार्कॉइडोसिसची लक्षणेही हीच! कलाशाखेचा विद्यार्थी म्हणून मला प्रथम नावाचेच कुतूहल वाटले : ग्रीक ‘सार्क्स’ म्हणजे मांस.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत पेशींचे पुंजके दिसतात. क्षयाच्या पुंजक्याचा गाभा मरून चक्क्यासारखा होतो, सार्कॉइडचा सहसा होत नाही. ‘सहसा’ हा शब्द महत्त्वाचा. कारण क्षयातही गाभा कधी कधी शाबूत राहतो. म्हणून कॉक यांनी १८८२ साली दाखविलेले जंतू थुंकीत, गाठीच्या तुकड्यात शोधावेच लागतात. हातावरची ट्यूबरक्युलिन चाचणी क्षयात बहुधा उठते, सार्कॉइडमध्ये पुष्कळदा उठत नाही.

हा काथ्याकूट नुसता पुस्तकी नव्हे. सार्कॉइड कित्येकदा आपोआप ओसरतो. गरज पडल्यास स्टिरॉइड देतात. तेच स्टिरॉइड न ओळखलेल्या क्षयात एकटे दिले तर रोग भडकू शकतो. उलट सार्कॉइडच्या रोग्याने सहा महिने क्षयाच्या गोळ्या घेतल्या, तर यकृतावर ताण पडण्याचा धोका. आणि डोळ्यांत दाह असल्यास तो तेवढ्या काळात दृष्टीपर्यंत पोहोचू शकतो.