घाट आणि सायकलस्वार

वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान पसरलेला यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे. परंतु हा सारा मुलूख सपाट नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगा या जिल्ह्यात शिरल्या आहेत. पूस नदीकाठचे पुसद शहर तर टेकड्यांनी वेढलेले आहे. सागाच्या रानातून वळणे घेत चढणारा रस्ता मोटारीतून पाहणाऱ्यास रम्य वाटतो. सायकलस्वारास मात्र तोच रस्ता त्याचे खरे बळ दाखवून देतो. नुकताच आजारातून उठलेला सायकलस्वार असेल, तर पूर्वी सहज चढलेला घाट त्याला दुप्पट लांब वाटू लागतो.

असे का व्हावे? सपाट रस्त्यावर मुख्यतः वाऱ्याशी झुंजावे लागते. घाटात स्वतःचे आणि सायकलीचे ओझे वर न्यावे लागते. दर शंभर मीटरला पाच मीटर चढणारा चार किलोमीटरांचा घाट घ्या. माथ्यावर पोहोचेपर्यंत दोनशे मीटर उंची चढावी लागते. वीस सेंटिमीटरांची एक पायरी धरली, तर हा एक हजार पायऱ्यांचा जिना झाला! एवढ्या श्रमासाठी पायांच्या स्नायूंना भरपूर प्राणवायू हवा असतो. फुप्फुसे तो रक्तात मिसळतात आणि हृदय ते रक्त पायांपर्यंत पोहोचवते.

अंथरुणावर पडून राहिल्याने ही शक्ती किती घटते, हे १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. सुमारे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांची प्राणवायू वापरण्याची शक्ती चतुर्थांशाहून अधिक घटली. त्यांचे हृदय एका ठोक्यात पूर्वीपेक्षा कमी रक्त पुढे ढकलू लागले. पुढे सुमारे दोन महिने नियमित व्यायाम केल्यावर ही हानी भरून निघाली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा एक नवल दिसून आले. तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही त्यांची शक्ती तितकी घटली नव्हती, जितकी त्या तीन आठवड्यांच्या बिछान्याने घटली होती!

गेलेली शक्ती परत येते, पण ती घाई केल्याने येत नाही. आजारातून उठलेल्याने आधी डॉक्टरांची अनुमती घ्यावी. आरंभी सपाट रस्त्यावर थोडेच अंतर जावे. सायकल चालवताना सोबत्याशी बोलता येईल, इतकाच वेग ठेवावा. बोलताना धाप लागली, की वेग कमी करावा. दर आठवड्याला अंतर थोडेथोडे वाढवावे आणि मधूनमधून विश्रांतीचा दिवस ठेवावा. मगच घाटाकडे वळावे. चढणीला हलका गिअर घालून पाय एकसारखे फिरवावेत. साध्या सायकलीला गिअर नसतात. तेव्हा दम लागल्यास खाली उतरून सायकल हाताने ढकलत न्यावी. त्यात कोणताही कमीपणा नाही. उतरण्यापूर्वी ब्रेक तपासावेत, कारण चढताना चूक झाली तर केवळ दम लागतो. उतरताना झाली तर जिवावर बेतते.

थांबावे लागले म्हणजे सारे संपले, असे नव्हे. २०१७ साली नाशिक येथे लष्करी डॉक्टर असलेले श्रीनिवास गोकुळनाथ यांचेच उदाहरण पाहा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत भरते. एकट्याने भाग घेणाऱ्यास रॉकी आणि ॲपलाचियन पर्वतांचे घाट ओलांडून ती बारा दिवसांत पुरी करावी लागते. २०१६ साली गोकुळनाथांना ही शर्यत मध्येच सोडावी लागली. त्यांनी वर्षभराने पुन्हा तोच रस्ता धरला आणि २०१७ साली मुदतीच्या आत तो पार केला. ही शर्यत एकट्याने पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्यामागून काही तासांतच विदर्भाचे डॉक्टर अमित समर्थ हे नागपूरचे सायकलस्वारही शेवटच्या रेषेपाशी पोहोचले.

अशा शर्यती थोड्यांच्याच वाट्याला येतात. परंतु आजारपण आणि अशक्तपणा कोणालाही चुकत नाही. आज पहिल्याच वळणावर थांबलेला सायकलस्वार पुढच्या आठवड्यात दुसरे वळण गाठतो. घाट तेवढाच राहतो. वाढते ती चढणाऱ्याची शक्ती. ती रोजच्या थोड्या श्रमाने वाढते, आणि पुरेशा विश्रांतीने टिकते.

स्वाध्याय

१. घाट चढताना अधिक प्राणवायू का लागतो?
२. डॅलस येथील प्रयोगातून कोणत्या दोन गोष्टी कळतात?
३. आजारातून उठलेल्याने कोणत्या क्रमाने सराव करावा?
४. तुमच्या गावाजवळील एखाद्या चढणीचे आठ-दहा ओळींत वर्णन करा.