इमारत पायथ्याकडून पाहताना

नगररचना हा अभियंत्यांचा आणि वास्तुविशारदांचा विषय आहे, कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यात काय बोलावे, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आपल्या राज्यात या विषयाचा विद्यापीठीय अभ्यास समाजशास्त्राच्या जोडीनेच सुरू झाला. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र हा विभाग निघाला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाची नेमणूक झाली. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. १९१४ साली भारतात आल्यावर त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले, आणि ते लिहिण्यापूर्वी त्या त्या शहराच्या गल्ल्या पायी हिंडून पाहिल्या. आधी रोगाचे निदान, मग उपचार, हे वैद्यकातील तत्त्व शहरालाही लागू पडते, असे त्यांचे सांगणे होते. जुनी वस्ती सरसकट पाडू नये; जेथे फार दाटी आहे तेवढाच भाग मोकळा करावा, असा त्यांचा आग्रह असे.

गेडिस यांच्याकडून आपल्याला एक गोष्ट घेता येण्यासारखी आहे. शहराविषयी मत बनवावयाचे तर ते नकाशावरून बनवू नये, रस्त्यावर उभे राहून बनवावे. प्रस्तुत लेखात मी हेच करून पाहणार आहे. मी पिंपळे गुरव येथे राहते. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत ज्या नव्या इमारती उठल्या त्यांच्याविषयी ‘छान आहेत’ किंवा ‘गावाची वाट लागली’ यापलीकडे काही नेमके बोलता येते का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. या प्रश्नाचा आमच्या घराशीही संबंध आहे. तो पुढे सांगेन.

मध्यवस्ती नसलेले शहर

पुण्याला पेठा आहेत, कोल्हापूरला महाद्वार आहे, नाशिकला गंगाघाट आहे. पिंपरी-चिंचवडला अशी एकच एक मध्यवस्ती नाही. याचे कारण या शहराच्या जन्मात आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने येथे मोठी वसाहत उभी केली. आधी कारखाने आले, मग कामगार आले आणि शहर सर्वांत शेवटी आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे १७ लाख २७ हजारांवर गेली. दहा वर्षांत सात लाख माणसे वाढली. ज्या शहराला इतक्या वेगाने माणसांना जागा करून द्यावी लागते, त्याला चौक आणि चावडी यांचा विचार करण्यास सवड मिळत नाही.

ती सवड आता काढली जात आहे. २०१७ साली स्मार्ट सिटी अभियानात शहराची निवड झाली, आणि क्षेत्रनिहाय विकासासाठी पिंपळे गुरव व पिंपळे सौदागर हे भाग ठरले. पादपथ रुंद झाले, सायकलींसाठी पट्टे आखले गेले, बसण्याच्या जागा झाल्या. ‘आठ ते ऐंशी’ या नावाची उद्याने झाली. जे शहर आठ वर्षांच्या मुलाला आणि ऐंशी वर्षांच्या वृद्धाला सुरक्षित वाटते ते सर्वांनाच सोयीचे असते, अशी या नावामागची कल्पना आहे. ती मूळ परदेशातील असली तरी आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाला सहज पटणारी आहे. नदीपलीकडे २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रोचा पिंपरी ते फुगेवाडी हा टप्पा सुरू झाला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो पुण्यातील जिल्हा न्यायालयापर्यंत पोहोचला. अशा सोयी आल्या म्हणजे जमिनीचे भाव चढतात, आणि त्यांच्यामागोमाग इमारतीही चढतात.

तीन नकाशे

केव्हिन लिंच या अमेरिकन अभ्यासकाने १९६० साली एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतील काही रहिवाशांना त्याने आपापल्या शहराचा नकाशा आठवणीने काढावयास सांगितला. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की माणसाच्या मनातील शहर पाच गोष्टींचे बनलेले असते : वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा.

मी हा प्रयोग घरातल्या घरात केला. आमच्याकडे आठ वर्षांचा धाकटा भाऊ आहे आणि ऐंशीला टेकलेली आजी आहे. भावाने व मी आपापले नकाशे काढले. आजीने सांगितले आणि मी रेघा ओढल्या.

माझ्या नकाशात वाटा अधिक निघाल्या : काटेपुरम चौकाकडे जाणारा रस्ता, सृष्टी चौक, बसचे थांबे, दापोडीकडचा पूल. पवना नदी ही माझ्या नकाशातली कड. कासारवाडीचे मेट्रो स्थानक आकाशमार्गाने जवळ आहे, परंतु मध्ये नदी असल्यामुळे पायी जाणाऱ्याला ते जवळ वाटत नाही. भावाच्या नकाशात खुणा अधिक निघाल्या : शाळेचे फाटक, गोळ्याची गाडी, एक ठराविक कुत्रे आणि सर्वांत मोठा, पानभर, डायनासोर. येथील राजमाता जिजाऊ उद्यानात डायनासोरची मोठी प्रतिकृती आहे. त्यामुळे रिक्षावाल्यापासून पाहुण्यापर्यंत सर्वजण त्या उद्यानाला डायनासोर गार्डनच म्हणतात.

आजीचा नकाशा मात्र वेगळा निघाला. आमच्या दारातला ओटा, शेजारच्या गल्लीतला ओटा, पिठाच्या गिरणीपुढची फळी, देवळाची पायरी, भाजीवालीजवळचा कट्टा, उद्यानातले बाक. नकाशा पुरा झाल्यावर माझ्या ध्यानात आले की त्यातील प्रत्येक ठिकाण ही बसण्याची जागा आहे. दोन जागांमधले अंतर तिच्या गुडघ्यांना झेपेल एवढेच होते. जेथे बसावयास जागा संपते तेथे आजीचे शहर संपते.

आणखी एक गोष्ट तिन्ही नकाशांत सारखी होती. आमच्या भागातील सर्वांत उंच, सर्वांत नव्या इमारतींपैकी एकही त्यांत आली नाही. अपवाद एकाच इमारतीचा. तीही दहा मजल्यांची आहे, पण तिच्या तळाशी किराणा दुकान, औषधांचे दुकान आणि दवाखाना आहे. भावाने ती ‘डॉक्टरांची बिल्डिंग’ म्हणून काढली, आजीने ‘औषधाचं दुकान’ म्हणून सांगितली. बाकीच्या इमारती चालणाऱ्याला दिसतात त्या अशा : लांबलचक कुंपणभिंत, लोखंडी फाटक, पहारेकऱ्याची खोली, आणि आत खांबांमध्ये उभ्या असलेल्या मोटारी. वर कितीही सुंदर गच्च्या असोत, रस्त्यावरच्या माणसाच्या वाट्याला ती भिंतच येते. इमारत उंचीमुळे लक्षात राहत नाही, पायथ्यामुळे राहते, असा निष्कर्ष मी यावरून काढते.

इमारत उंच का होते

येथे बिल्डरला दोष देऊन थांबणे सोपे आहे. अभ्यास करणाऱ्याने मात्र नियमही पाहिला पाहिजे. एखाद्या भूखंडावर किती बांधता येईल ते चटई क्षेत्र निर्देशांकावरून ठरते. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे दाट वस्तीबाहेरच्या निवासी भागात मूळ निर्देशांक १.१० आहे. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढ्यावरच थांबावे लागते. रस्ता रुंद असेल तर शासनाला अधिमूल्य भरून आणि हस्तांतरणीय विकास हक्क विकत घेऊन निर्देशांक वाढविता येतो. १८ ते २४ मीटर रस्त्यावर तो २.५० पर्यंत जातो, ३० मीटर वा त्याहून रुंद रस्त्यावर ३ पर्यंत. पूरक क्षेत्राची सवलत याखेरीज वेगळी आहे.

म्हणजेच इमारतीची उंची वास्तुविशारदाच्या मनात ठरण्याआधी रस्त्याच्या रुंदीत ठरते. रस्ता रुंद झाला की आपल्याला मोकळा पादपथ दिसतो. जमीनमालकाला त्याच वेळी वरचे मजले दिसू लागतात. पुढे या मजल्यांतील कुटुंबांच्या वाहनांसाठी नियमानेच जागा सोडावी लागते, आणि ती बहुधा तळमजल्यावर निघते. मोटारींच्या पाठोपाठ फाटक येते, आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना भिंत. पायथा असा ओसाड होतो तो कोणाच्या वाईट हेतूने नव्हे. प्रत्येक नियम आपापल्या जागी योग्य असतो, परंतु रस्त्याने चालणाऱ्याच्या बाजूने त्या सर्वांचा एकत्र विचार कोणी केलेला नसतो.

नदीकाठी हीच गोष्ट अधिक गंभीर होते. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत निवासी बांधकामाला परवानगी नाही. २५ जुलै २०२४ रोजी सांगवी परिसरात नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले होते, आणि मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेतील ३६ बंगले न्यायालयीन आदेशानंतर पाडण्यात आले. घर घेताना आपण कितवा मजला ते विचारतो. ही जमीन नदीची तर नाही ना, हे विचारावयाचे राहून जाते.

आमची गल्ली

आता घरचा प्रश्न. आमचे घर एक गुंठ्यावर, म्हणजे १,०८९ चौरस फुटांवर आहे. वडील लातूर जिल्ह्यातून भोसरीला कामाला आले आणि पगारातून शिल्लक टाकून त्यांनी ही जागा घेतली. आमच्यासारखी सहा घरे या गल्लीत आहेत आणि पुढे मोठ्या रस्त्यालगत चार गुंठ्यांचा मोकळा भूखंड आहे. हे दहाही गुंठे एकत्र करून तेथे उंच इमारत बांधावयाची, असा प्रस्ताव एका बिल्डरने मांडला आहे. हिशेब सरळ आहे. १०,८९० चौरस फुटांवर १.१० ने सुमारे १२ हजार चौरस फूट बांधता येतात, २.५० ने सुमारे २७ हजार. आम्हाला आजच्यापेक्षा मोठे घर, उद्वाहन आणि बारमाही पाणी मिळेल. पावसाळ्यात भिंतीला ओल येणाऱ्या घरात राहणाऱ्याने याला नावे ठेवू नयेत. माझे वडील राजी आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला पटते.

आराखडा घरी आला तेव्हा मी तो आजीला समजावून सांगितला. हे स्वयंपाकघर, ही तुझी खोली, ही गॅलरी. आजीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “समदं चांगलं हाय गं. पर दारात बसायचं कुठं?”

मी आराखडा पुन्हा पाहिला. त्यात मोटारींची संख्या होती, पहारेकऱ्याची खोली होती, व्यायामशाळा होती. बसावयाची जागा गच्चीवर होती, बागेसकट. पण आजीला आकाश पाहावयाचे नसते. तिला येणारी-जाणारी माणसे पाहावयाची असतात, आणि त्या माणसांनाही कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे याचा आधार वाटतो. जेन जेकब्ज या लेखिकेने १९६१ साली हाच विचार मांडला होता : रस्त्याची राखण पोलिसांच्या आधी दारा-खिडक्यांतून पाहणारी माणसे करतात. आमच्या गल्लीत हे काम ओट्यावर बसलेल्या बायका करतात. त्यासाठी त्यांना कोणी पगार देत नाही, आणि म्हणूनच बहुधा तो ओटा आराखड्यात येत नाही.

मत आणि हरकत

नुसती हळहळ व्यक्त करून हा ओटा राहणार नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शहराचा विकास आराखडा मसुद्याच्या रूपाने प्रसिद्ध करावा लागतो, नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी व्हावी लागते. आपल्या शहराचा सुधारित प्रारूप आराखडा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हजारो हरकती दाखल झाल्या. आपल्या जमिनीवरील आरक्षणाविरुद्ध माणूस धावून जातो, हे स्वाभाविक आहे. पण जी जागा कोणा एकाची नाही, तिच्यासाठी कोणी लिहावयाचे? हे काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहे. नव्या इमारतीसमोर उभे राहून आपण चार साधे प्रश्न विचारावेत : रस्त्याला लागून भिंत किती आणि दारे किती? थकलेल्या माणसाला बसावयास जागा आहे का? अंधार पडल्यावर तेथे कोणाची तरी नजर असते का? पावसाचे पाणी जाते कोठे? उत्तरे मीटरमध्ये आणि संख्येत लिहावीत. ‘शहर बकाल झाले’ या वाक्याला कोणत्याही कार्यालयात उत्तर देता येत नाही. ‘या रस्त्यावर ६० मीटर लांब भिंत आहे आणि एकही बाक नाही’ या वाक्याला द्यावे लागते.

आमच्या गल्लीतील सहा कुटुंबांनी मिळून करारनाम्यात एक अट घालण्याची मागणी केली आहे. रस्त्याकडच्या बाजूला सलग भिंत असू नये. तेथे दीड फूट उंचीचा दगडी ओटा असावा, त्यावर सावली धरील असे एक झाड असावे, आणि तळमजल्यावर निदान दोन दुकाने असावीत. वास्तुविशारदांनी ही मागणी हसून उडवून लावली नाही. नकाशात बसवून पाहतो, असे सांगितले. बिल्डरचे उत्तर अजून यावयाचे आहे. ते येईपर्यंत सही करावयाची नाही, असे सहाही घरांनी ठरविले आहे. त्यांत माझे वडीलही आहेत.